एअर फ्रायरमधले झटपट डोनटचे गोळे : १४ तारखेच्या संध्याकाळसाठी

दालचिनी | ८ फेब्रुवारी २०२६, सकाळी १०:१०

येत्या शनिवारी व्हॅलेंटाइन डे, आणि लगेच रविवारी १५ ला महाशिवरात्र. म्हणजे कोल्हापुरात बहुतेक घरांत उपास. मैद्याचं काही उरलं तर रविवारी त्याला कुणी हात लावणार नाही आणि सोमवारपर्यंत ते दगड झालेलं असेल. म्हणून इथे दोघांपुरतंच माप देते : १६ गोळे. यीस्ट नाही, अंडं नाही. चक्का आणून ठेवलेला असेल तर परात घेतल्यापासून बशीत येईपर्यंत ४० मिनिटं.

डोनट होल म्हणजे मुळात डोनटचं कडं कापताना मधून निघणारा गोल तुकडा. घरी कडी कापत बसायची गरज नाही, सरळ गोळेच वळायचे.

कृतीच्या आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढच्या सगळ्या चुका तिथूनच सुरू होतात. एअर फ्रायर तळत नाही. वर कॉइल असते, तिच्यावर पंखा, आणि तो गरम वारा टोपलीतून जोरात फिरवतो. कढईतलं तेल गोळ्याला चारी बाजूंनी कवटाळतं आणि वर स्निग्धपणाही देतं. वारा देत काहीच नाही, उलट वरचा ओलावा ओढून घेतो. त्यामुळे स्निग्धांश आधी पिठात घालायचा, गोळा लहान ठेवायचा आणि तळल्याची चव बाहेर काढल्यावर बटरने द्यायची. हे तीन सांभाळले की बाकी सोपं आहे.

साहित्य :
मैदा १५० ग्रॅम
घट्ट चक्का, बिनसाखरेचा, १२० ग्रॅम
पिठीसाखर २५ ग्रॅम
वितळवलेलं बटर २० ग्रॅम
दूध पावडर १ मोठा चमचा
बेकिंग पावडर दीड छोटा चमचा, सपाट
खायचा सोडा फक्त चिमूटभर
वेलची किंवा जायफळ आवडीप्रमाणे
दूध १ मोठा चमचा, लागलं तर आणखी अर्धा
बटर मीठवालं असेल तर मीठ नको, नाहीतर पाव छोटा चमचा

वरून लावायला : बटर ३० ग्रॅम, साखर ६० ग्रॅम, दालचिनी पूड दीड छोटा चमचा.

कोरडं सगळं दोनदा चाळून घ्या. बेकिंग पावडरची गुठळी राहिली तर नेमका तोच घास कडू लागतो. दुसऱ्या भांड्यात चक्का, पिठीसाखर आणि कोमट बटर गुळगुळीत फेटा, मग कोरडं त्यात टाकून काट्याने कालवा. पीठ गोळा व्हायला लागलं की हाताने ८ ते १० वेळा दुमडून दाबा आणि थांबा. पोळीची कणीक तिंबतो तसं तिंबायचं नाही. मळाल तितकी मैद्याला तार सुटते आणि गोळे चिवट होतात. १० मिनिटं झाकून ठेवा.

२० ते २१ ग्रॅमचे गोळे वळा, साधारण ३ सेंटिमीटर. हाताला तेल लावा, मैदा लावू नका. कढईत कोरडा मैदा तेलात धुऊन जातो, इथे तो वर पांढरा राहतो आणि कच्चा लागतो.

फ्रायर १८० अंशांवर ३ मिनिटं रिकामा तापवा. टोपलीला ब्रशने तेल लावून ८ गोळे ठेवा, मध्ये बोटभर जागा. गोळ्यांवरूनही तेलाचा हात फिरवा. मग १७५ वर ७ ते ८ मिनिटं. पाचव्या मिनिटाला एकदाच उलटायचे. त्याआधी टोपली हलवली तर गोळे अजून मऊ असतात, चेपतात आणि एकमेकांना चिकटतात.

बाहेर काढल्यावर दोन मिनिटांच्या आत वितळलेल्या बटरमध्ये फिरवून दालचिनी-साखरेत घोळवा.

---

रंकाळाकाठ | सकाळी १०:४८

माप ग्रॅममध्ये दिलंत हे बरं केलंत. चक्का डेअरीतून आणलेला चालेल का, की घरीच टांगावा? आणि श्रीखंडातून काही जमेल?

चक्का_पुरी | सकाळी ११:०५

@रंकाळाकाठ, डेअरीचा चक्का उत्तम, फक्त त्याच दिवशीचा घ्या आणि चाखून घ्या. आंबट झालेला चक्का सोड्याने सुधारत नाही. सोडा वाढवला की साबणासारखी चव येते.

घरी करायचा तर ३०० ग्रॅम सायीच्या दह्यातून साधारण १२० ते १३० ग्रॅम चक्का निघतो. मलमलच्या फडक्यात ४ तास टांगा. दुपारी ऊन चांगलंच तापतंय आता, त्यामुळे ओट्यावर टांगू नका, चाळणीत बांधून खाली पातेलं ठेवून फ्रीजमध्ये निथळत ठेवा. वेळ थोडा जास्त लागेल पण आंबणार नाही.

श्रीखंड घेऊ नका. त्यात साखर आधीच भरपूर असते, पीठ सैल पडतं आणि गोळे आतून शिजायच्या आधी वरून काळे होतात.

चक्क्याचा घट्टपणा प्रत्येक ठिकाणी वेगळा, म्हणून दूध शेवटी आणि चमच्यानेच. पीठ हाताला किंचित चिकटेल, पण तेलाचा हात लावला की सुटून येईल, इतपत हवं. चपातीच्या कणकेसारखं घट्ट वाटलं तर समजा कमी पडलंय.

---

शिवाजीपेठकर | दुपारी १२:३०

ताई, माप लई व्यवस्थित दिलंय. पण एक अडचण हाय. असल्या गोळ्यांचं बाहेरनं तांबूस दिसतंय आणि फोडलं की आत कच्चं पीठ. ६ लिटरचं मशीन, १९० वर ९ मिनिटं, गोळा मोठ्या लिंबाएवढा, ३५ ग्रॅमच्या आसपास. तापमान वाढवावं काय?

भट्टीवाला | दुपारी १:१५

दादा, वाढवू नका, उतरवा. तुमच्या प्रश्नात दोन चुका एकत्र आल्यात.

पहिली आकाराची. २० वरून ३५ ग्रॅम म्हणजे वजन पावणेदोनपट. व्यास तेवढ्याने २० टक्केच वाढतो, डोळ्याला फारसा फरक कळत नाही. पण उष्णता मध्यापर्यंत पोचायचा वेळ व्यासाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे जवळजवळ दीडपट. जो गोळा ७ मिनिटांत व्हायचा त्याला साडेदहा लागणार, आणि तेवढ्या वेळात वाऱ्याने वरचं कवच खारीसारखं कडक करून ठेवलेलं असतं.

दुसरी तापमानाची. १९० ला वरचा थर पहिल्या तीन-चार मिनिटांतच धरतो. आत बेकिंग पावडरचा वायू नंतर फुगायला लागतो, त्याला जागा मिळत नाही, मग गोळा एका बाजूने फाटतो आणि तिथून पीठ बाहेर डोकावतं. फाटलेला गोळा दिसला की आधी तापमान बघा.

मोठेच गोळे हवे असतील तर ३० ग्रॅमच्या वर जाऊ नका, आणि १६५ वर १० मिनिटं ठेवा. पण खरं सांगायचं तर या मशीनमध्ये २० ग्रॅमचाच गोळा चांगला होतो. वजनकाटा नसेल तर पीठ लांब वळून आधी दोन, मग चार, मग आठ, मग सोळा असे निम्मे-निम्मे कापत जा. अंदाजाने तोडण्यापेक्षा सारखे पडतात. एकच गोळा मोठा निघाला तरी त्या खेपेचा वेळ चुकतो.

शिजला का हे रंगावरून ठरवू नका. पहिल्या खेपेतला एक गोळा सरळ फोडा. मध्ये ओलसर चकाकी किंवा गडद ठिपका दिसला तर बाकीच्यांना दीड मिनिट आणखी. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर मध्यभागी ९३ ते ९५ अंश आले की झालं.

भट्टीवाला | दुपारी १:२४

राहिलंच. मशीनचा आकडा आणि आतलं खरं तापमान यात १०-१५ अंशांचा फरक सहज असू शकतो. तपासायला एक सोपी रीत : छोट्या जड स्टीलच्या वाटीच्या तळाशी चमचाभर साखर, १७५ वर १५ मिनिटं. साखर साधारण १८६ अंशांना वितळते. १७५ ला वितळली तर मशीन जास्त तापतंय, पुढे १० ने कमी लावा. १९० लावूनही दाणे तसेच राहिले तर मशीन थंड चालतंय. वाटी खोल हवी, नाहीतर पंखा साखर उडवून कॉइलवर नेईल.

---

नवशिकी | दुपारी २:०२

खाली बटर पेपर घातला तर चालेल ना? टोपली धुवायचा त्रास वाचेल. आणि तेलाचा तयार स्प्रे मिळतो तो मारू का?

वीजतारा | दुपारी २:४०

बटर पेपरबद्दल थोडं सविस्तर, कारण यात धोका आहे.

आपल्याकडे दुकानात ‘बटर पेपर’ म्हणून दोन-तीन निरनिराळे कागद मिळतात. मेणाचा कागद अजिबात नको, मेण वितळतं आणि धूर होतो. भट्टीत चालणारा, पाकिटावर २०० अंशांच्या पुढचा आकडा छापलेला पार्चमेंट पेपरच घ्या, आणि तोही भोकं पाडलेला. भोकं नसली तर खालून येणारा वारा अडतो, गोळ्यांचं बूड पांढरं आणि ओलं राहतं. सर्वात महत्त्वाचं : मशीन रिकामं तापवताना कागद आत ठेवायचा नाही. त्यावर वजन नसतं, तो उडून कॉइलला चिकटतो आणि पेटतो. आधी तापवा, मग कागद आणि गोळे एकदमच.

या पिठात बटर पुरेसं आहे. तेलाचा हात लावलेला असला तर कागदाशिवायही गोळे सुटतात.

दाबाच्या डब्यातला स्प्रे टोपलीवर मारू नका. त्यात लेसिथिनसारखे घटक असतात, ते नॉनस्टिक थरावर चिकट पिवळट थर धरतात आणि घासूनही निघत नाहीत. साधा ब्रश, नाहीतर आपलंच तेल भरायची पंपाची बाटली.

आणि प्लगचं. १५०० वॅटचं मशीन २३० व्होल्टला साडेसहा अँपिअरच्या आसपास ओढतं. स्वयंपाकघरातला छोटा प्लग ६ अँपिअरचा असतो. मोठ्या १६ अँपिअरच्या प्लगलाच लावा, एक्स्टेंशन बोर्डावर नको. घरच्या साध्या इन्व्हर्टरवर हे चालत नाही, म्हणून वीज जायची शक्यता असेल तर गोळे लवकर भाजून ठेवा आणि साखरेत नंतर घोळवा.

---

गुळाचीढेप | सायंकाळी ५:२०

कोल्हापुरात राहून नुसती साखर का? इथल्या गुळाला २०१४ पासून भौगोलिक मानांकन आहे, शाहूपुरीत हवा तसा गूळ मिळतो. साखरेऐवजी गूळ घालायचा तर काय बदलावं लागेल?

दालचिनी | सायंकाळी ५:५१

@गुळाचीढेप, गूळ घालाच, पण पिठात आणि वरून लावताना तो वेगवेगळा वागतो.

पिठात : २५ ग्रॅम पिठीसाखरेऐवजी ३० ग्रॅम गूळ बारीक किसून, त्या १ चमचा कोमट दुधातच विरघळवा आणि गाळून घ्या. ढेपेच्या गुळात कधी उसाचा चोथा, कधी बारीक खडा असतो. दुधाचं वेगळं माप मग नको. गूळ रंग लवकर धरतो, म्हणून तापमान १६५ आणि वेळ ८ ते ९ मिनिटं. १७५ ला ठेवलेत तर सहाव्या मिनिटालाच चॉकलेटी होतील आणि झाले असं वाटून बाहेर काढाल.

वरून : गूळ हवेतला ओलावा ओढतो. नुसती गूळ पावडर लावली तर वीस मिनिटांत गोळे चिकट आणि ओलसर दिसायला लागतात. त्यासाठी गूळ पावडर आणि भाजलेले, जाडसर कुटलेले तीळ निम्मे-निम्मे घ्या. संक्रांतीचे पॉलिशचे तीळ घरात उरलेले असतातच. तीळ ओलावा थोपवतात, आणि गरम गोळ्यावर तिळगुळाचा जो वास सुटतो तो दालचिनीपेक्षा कितीतरी आपला वाटतो.

गुळाचीढेप | सायंकाळी ६:०३

तीळ-गूळ पक्कं. चिक्कीचा गूळ घेऊ नये हेही लिहून ठेवतो, तो पावडर होत नाही, चिवट राहतो.

---

उत्तरेश्वरची_सून | रात्री ८:१५

चक्क्याऐवजी दूध आणि चमचाभर व्हिनेगर घालून करतात ती कृती जास्त झटपट नाही का? चक्का टांगायचाही प्रश्न नाही. आणि यीस्टचे गोळे खरे डोनट, त्याबद्दल इथे कुणीच का बोलत नाही?

भट्टीवाला | रात्री ८:५०

वहिनी, दुधा-व्हिनेगरचं पीठ होतं, पण ते कढईसाठी चांगलं. चक्क्यात पाण्याबरोबर प्रथिनं आणि स्निग्धांश असतो. त्यामुळे पीठ मऊ राहूनही गोळ्याचा आकार धरून ठेवतं. दुधाने तेवढाच मऊपणा आणायचा तर पीठ पातळ होतं, टोपलीच्या भोकांतून खाली उतरतं. घट्ट ठेवलं तर वाऱ्याने भेगा पडतात. मधला मार्ग सापडतो, पण चमचाभर इकडे-तिकडे झालं की हुकतो.

यीस्टचे गोळे चवीला निराळे, हलके, जाळीदार. पण झटपट नव्हेत. २५० ग्रॅम मैदा, ५ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, ३० ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ, १४० मिली कोमट दूध, ३० ग्रॅम बटर. हे पीठ मात्र चांगलं १० मिनिटं मळायचं, इथे तार सुटलेलीच हवी. फेब्रुवारीच्या दुपारी घरात २८-३० अंश असतात, पीठ तास-सव्वातासात दुप्पट होतं. गोळे वळून पुन्हा अर्धा तास झाकून ठेवायचे. मग १७० वर ५ ते ६ मिनिटं. दुपारी चारला सुरुवात केली तर साडेसहाला खायला. सकाळी केलंत तर थंडाव्यामुळे वेळ वाढतो, तेव्हा घड्याळावर जाऊ नका, पीठ फुगल्यावर जा.

दूध हाताला सोसेल इतपतच कोमट. चटका बसेल एवढं तापलं तर यीस्ट मरतं आणि गोळे फुगतच नाहीत.

उत्तरेश्वरची_सून | रात्री ९:०४

समजलं, धन्यवाद. शनिवारी चक्क्याचेच, यीस्टचे पुढच्या सुट्टीला.

---

रंकाळाकाठ | ९ फेब्रुवारी २०२६, सकाळी ९:३०

गोळे शिजले आहेत, मऊही आहेत, पण रंग फिका, उकडल्यासारखा. हे कशाने?

चक्का_पुरी | सकाळी ९:५८

दूध पावडर घातली होती का? अशा वेळी कारण बहुतेक तेच निघतं. दुधातली साखर आणि प्रथिनं मिळून भाजताना तो तांबूस रंग येतो. पावडर टाळली, वरून तेलाचा हात दिला नाही आणि चक्का बराच आंबट असला, तर तिन्ही मिळून रंग अडतो. आंबटपणाने रंग यायचा वेग मंदावतो, चिमूटभर सोडा त्यासाठीच आहे.

उपाय : तेल लावायच्या ब्रशने तेलाऐवजी चमचाभर दुधात दोन थेंब मध कालवून गोळ्यांवर पातळ हात द्या. मध जास्त नको, ठिपके पडून जळतात. आणि शेवटचं एक मिनिट १९० वर. सुरुवातीला १९० नको, शेवटी चालतं, कारण तोवर आत शिजलेलं असतं.

टोपली गच्च भरली असेल तरीही असंच होतं. गोळे एकमेकांना टेकले की तिथे वारा लागत नाही, वाफ कोंडते. सोळाच्या सोळा एका खेपेत घालायचा मोह होतो. ४ लिटरच्या मशीनमध्ये ८ पुरे.

---

नवशिकी | सकाळी ११:१२

साखर चिकटत नाही, बशीत पडून जाते. पिठीसाखर लावली तर ती विरघळून ओली होते. काय करू?

दालचिनी | सकाळी ११:४०

आपली दाणेदार साखर जाड असते, जड दाणा घसरून पडतो. मिक्सरला दोन-तीन सेकंद नुसती फिरवून थांबा, बारीक रव्यासारखी हवी. पीठ झालं तर पुढे गेलात.

बटर आणि तूप यांचाही फरक आहे. बटरमध्ये थोडं पाणी असतं, त्याने साखरेचा खालचा थर किंचित ओलावतो आणि घट्ट बसतो. तुपात पाणी नाही, साखर कुरकुरीत राहते पण कमी बसते, आणि रात्रीच्या गारव्यात तूप गोठलं की जिभेला मेणचट लागतं. तूप वापरणार असाल तर लगेच खायचे.

पिठीसाखर हवीच असेल तर गोळे पूर्ण गार होऊ द्या, २० मिनिटं तरी, आणि बटर न लावता चाळणीतून वरून भुरभुरवा, तीही वाढताना.

---

साखरपेरणी | दुपारी १२:२०

त्या दिवशी रंग गुलाबी हवा, म्हणून स्ट्रॉबेरीचं ग्लेझ देते. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी सध्या बाजारात आहे, बाहेरचा रंग घालायची गरज नाही.

१०० ग्रॅम स्ट्रॉबेरी मिक्सरला फिरवून गाळा. जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ६ ते ८ मिनिटं आटवा, अडीच-तीन मोठे चमचे उरले पाहिजेत. लिंबाचे चार थेंब टाका, आंबटपणाने लाल रंग टिकतो. गार झाल्यावर त्यातले दीड चमचे १०० ग्रॅम चाळलेल्या पिठीसाखरेत घालून ढवळा, मग थेंबाथेंबाने वाढवा. चमचा उलटा केला की ग्लेझ सावकाश, रुंद पट्टीने खाली आलं पाहिजे. न आटवलेला रस घातला तर ते गोळ्यावरून वाहून बशीत जमा होतं, सगळ्यांची चूक इथेच होते.

घरी दळलेल्या पिठीसाखरेत १ छोटा चमचा कॉर्नफ्लोअर मिसळून चाळा, गुठळ्या होत नाहीत. गोळे कोमट असताना वरचा अर्धा भाग बुडवा, जाळीवर ठेवा, १५ मिनिटांत वर पापुद्रा धरतो. ग्लेझ लावलेले गोळे पुन्हा फ्रायरमध्ये ठेवू नका, साखर खाली ठिबकून जळते.

चॉकलेट हवं असेल त्यांनी : ६० ग्रॅम डार्क चॉकलेट बारीक चिरा, ४० ग्रॅम फ्रेश क्रीम कडेला बुडबुडे येईपर्यंतच तापवा, उकळी नको. चॉकलेटवर ओता, एक मिनिट थांबा, मधून बाहेरच्या बाजूला ढवळा. भांडं आणि चमचा ठणठणीत कोरडा हवा. नुसतं चॉकलेट वितळवताना पाण्याचा एक थेंब पडला तरी ते रवाळ, घट्ट होतं.

शिवाजीपेठकर | दुपारी १:०५

आत चॉकलेट भरायचं असल तर आधी भरायचं का मागनं?

साखरपेरणी | दुपारी १:३०

दोन्ही जमतं, दादा. आधी भरायचं तर ४ ग्रॅमचा तुकडा फ्रीजरमध्ये अर्धा तास कडक करून १८ ग्रॅम पिठात गुंडाळा, तोंड नीट चिमटून बंद करा आणि तोंड खाली करून ठेवा. तोंड वर राहिलं तर तिथून उकलतं. खाताना आतलं चॉकलेट तोंड भाजेल इतकं गरम असतं, ५ मिनिटं थांबा.

मागाहून भरायचं तर गोळे १० मिनिटं निवू द्या, पेन्सिलने नव्हे, स्वच्छ काडीने मध्यापर्यंत भोक पाडून काडी आत थोडी फिरवा म्हणजे पोकळी होते. पायपिंग बॅग नसेल तर दुधाची पिशवी धुऊन, पूर्ण वाळवून, मेंदीच्या कोनासारखी गुंडाळा. जॅम असेल तर आधी गाळून घ्या, फळाची फोड टोकाला अडकते. एका गोळ्यात ४-५ ग्रॅमच मावतं, वजनकाट्यावर एक भरून पाहा.

---

पंचगंगातीर | दुपारी ३:४५

मैदा नको असणाऱ्यांसाठी कणीक किंवा खपली गहू चालेल?

भट्टीवाला | सायंकाळी ४:१०

साधी कणीक निम्मी चालते. कोंडा पाणी पितो, म्हणून दूध एक ते दीड चमचा वाढवा आणि पीठ १० ऐवजी १५ मिनिटं ठेवा. खपलीत तार कमी, तिचा गोळा ठिसूळ होतो. एक तृतीयांशाच्या वर खपली नको, बाकी मैदाच.

पंचगंगातीर | सायंकाळी ४:२२

आणि एअर फ्रायरच नसेल तर?

चक्का_पुरी | सायंकाळी ४:५०

आप्पेपात्र. हेच पीठ, गोळा १५ ग्रॅमचा, प्रत्येक खळग्यात अर्धा चमचा तूप, झाकण ठेवून अगदी मंद आचेवर ४ मिनिटं, उलटून ३. मधल्या खळग्याला आच जास्त लागते, तिथले आधी उलटायचे. ओटीजी (घरची छोटी विजेची भट्टी) असेल तर १८० वर १३-१४ मिनिटं, मधल्या कप्प्यात.

गुलाबजामचं तयार पीठ मात्र एअर फ्रायरमध्ये घालू नका. ते तेलात बुडण्यासाठी आणि मग पाकात मुरण्यासाठी बनवलेलं असतं, वाऱ्यात त्याला भेगा पडतात आणि आत कोरडं पडतं.

---

उत्तरेश्वरची_सून | १० फेब्रुवारी २०२६, सकाळी ८:४०

शनिवारी संध्याकाळी घाई असणार. आदल्या दिवशी किती तयारी करून ठेवता येईल?

दालचिनी | सकाळी ९:१५

शुक्रवारी : चक्का टांगा, कोरडं साहित्य चाळून डब्यात भरा, दालचिनी-साखर करून ठेवा, स्ट्रॉबेरी आटवून फ्रीजमध्ये. बेकिंग पावडर जुनी असेल तर तेव्हाच तपासा : पाव चमचा पावडर गरम पाण्यात टाकली की लगेच जोरात फसफसली पाहिजे. मंद बुडबुडे आले तर नवीन डबी आणा.

शनिवारी दुपारी पीठ भिजवून गोळे वळा, तेलाचा हात लावून बंद डब्यात फ्रीजमध्ये ठेवा. २ ते ३ तास चांगले राहतात. डबा उघडा राहिला तर वर साल धरते आणि तिथेच भेग पडते. फ्रीजमधून थेट टोपलीत, एक मिनिट जास्त. रात्रभर मात्र ठेवू नका, वायू निघून जातो आणि गोळे बसके होतात.

महिनाभर आधीची तयारी हवी तर कच्चे गोळे ताटलीत सुटे ठेवून फ्रीजरमध्ये कडक करा, मग पिशवीत भरा. न वितळवता १६५ वर १० ते ११ मिनिटं.

कोल्हापुरात त्या रात्री बऱ्याच घरी तांबडा-पांढरा होईल. तिखटानंतर दोन-तीन गोळे पुरतात. सोबत नरसोबाच्या वाडीची बासुंदी वाटीत घ्या. घरी करायची तर अर्धा लिटर म्हशीचं दूध आटवून २०० मिलीवर आणा, साखर दोन चमचेच, कारण गोळ्यांवर साखर आहे. गंगावेशीतलं धारोष्ण दूध मिळालं तर पाऊण तासात साय धरून दाट होतं.

साखरपेरणी | सकाळी ९:४०

मांडणीचं माझ्याकडून. मोठ्या बशीत बदामाचा आकार १३ गोळ्यांत बसतो : वरच्या ओळीत दोन, मध्ये एका गोळ्याची रिकामी जागा, पुन्हा दोन. त्याखाली पाच. मग तीन, मधोमध. शेवटी एक. गोळे एकमेकांना टेकवून ठेवा. ग्लेझवाले बाहेरच्या कडेला आणि दालचिनीवाले आत ठेवले तर आकार लांबूनही कळतो.

१६ पैकी एक फोडून बघण्यात जाईल, १३ बशीत, म्हणजे दोन उरतात.

नवशिकी | सकाळी १०:०२

गोळे आठच्या सुमारास भाजले आणि जेवण दहाला झालं तर? गार गोळे परत गरम करता येतील का?

दालचिनी | सकाळी १०:२०

येतील, पण साखरेत घोळवायच्या आधीचे. नुसते भाजलेले गोळे जाळीवर निवू द्या, मग सुती फडक्याने झाका. गरम असताना डब्यात बंद केले तर वाफेने ओले होतात. जेवण होत आलं की १५० वर २ मिनिटं, त्याच वेळी शेगडीवर बटर वितळवा आणि मग साखर. आठला भाजलेत तरी दहाला ताजेच वाटतील.